औषध-जनुक चाचणीचा अहवाल : पिवळ्या चौकटीत न मावणारे विकर

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका नमुना संकलन केंद्रामार्फत आम्ही घरातल्या दोघांची औषध-जनुक चाचणी, म्हणजे कोणते औषध शरीरात कसे वागेल हे जनुकांवरून पाहणारी तपासणी, करून घेतली. नमुने बंगळुरूच्या एका खासगी प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल ईमेलवर येतो. केंद्राचे किंवा प्रयोगशाळेचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या उणिवा मला दाखवायच्या आहेत त्या एकट्या या प्रयोगशाळेच्या नाहीत. अशा चाचण्यांचे जे इतर अहवाल माझ्या पाहण्यात आले, त्यांचीही मांडणी जवळपास अशीच होती. मी पदवीपूर्व महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे अहवालातल्या रंगीत चौकटींपेक्षा त्या चौकटींमागचे विकर, म्हणजे एन्झाइम, मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि हे परीक्षणही त्याच अंगाने केले आहे.

चाचणी करण्यामागचे कारण साधे होते. सासूबाईंच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून कृत्रिम बसवलेली आहे आणि तेव्हापासून त्या ॲसिट्रॉम, म्हणजे ॲसेनोकूमारोल हे रक्त पातळ ठेवणारे औषध, घेतात. त्यांना लागणारा डोस सुरुवातीपासूनच इतरांच्या मानाने फार कमी आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत नेहमीच्या डोसवर त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत असे, अंगावर काळेनिळे डाग उमटत असत. दिरांना नुकताच स्टेंट बसवला असून त्यांना रक्ताच्या गाठी होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल सुरू झाले होते. एकाच तपासणीत दोघांच्याही औषधांशी संबंधित जनुके पाहिली जातात असे कळल्यावर आम्ही दोघांचे नमुने दिले.

संकलन केंद्राबद्दल थोडक्यात सांगते. जागा स्वच्छ आहे, रक्त घेणाऱ्या मुलीचा हात हलका आहे आणि नळीवर नाव, वय, तारीख तिने आमच्यासमोरच लिहून घेतली. मात्र फोनवर आम्हाला उपाशीपोटी यायला सांगितले होते, आणि सासूबाई खानापूर तालुक्यातल्या गावाहून सकाळच्या बसने काही न खाता आल्या. या तपासणीत जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमधला डीएनए वापरतात. जेवणाने डीएनए बदलत नाही. साखरेच्या आणि चरबीच्या तपासणीची सूचना सरसकट सगळ्यांना देण्याची सवय केंद्राने सोडायला हवी, विशेषतः खेड्यापाड्यांतून येणाऱ्या वयस्कर माणसांच्या बाबतीत. अहवाल सांगितलेल्या मुदतीच्या आतच आला.

आता मुख्य विषय, म्हणजे अहवाल. प्रत्येक औषधासमोर हिरवी, पिवळी किंवा लाल चौकट, तिच्यात चयापचयाचा प्रकार आणि शेजारी एका वाक्यात सल्ला, अशी त्याची रचना आहे. जनुकाच्या प्रत्येक प्रकाराला ‘स्टार’ आणि एक क्रमांक देतात, स्टार १ म्हणजे नेहमीचा प्रकार; आई-वडिलांकडून एकेक प्रत येत असल्याने प्रत्येकासमोर दोन प्रकार लिहिले जातात. सासूबाईंच्या अहवालात सीवायपी२सी९ या जनुकासमोर ‘स्टार १, स्टार ३’ असे लिहिले होते, दिरांच्या अहवालात त्याच जनुकासमोर ‘स्टार १, स्टार २’. दोघांचीही चौकट पिवळी, दोघांनाही ‘मध्यम चयापचय’ हेच लेबल, आणि ॲसेनोकूमारोल व त्याच गटातले वॉरफरिन या दोन्ही औषधांसमोर दोघांनाही अक्षरशः एकच वाक्य: कमी डोस लागण्याची शक्यता. माझी सर्वांत मोठी तक्रार या समानतेबद्दल आहे, कारण या दोन उत्परिवर्तनांनी विकराचे जे नुकसान केले आहे ते एका जातीचे नाही.

सीवायपी२सी९ हे यकृतातले विकर ४९० अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले आहे. त्याच्या गाभ्यात हीमचा लोहाणू असतो आणि औषधाचा रेणू त्याच्याजवळच्या पोकळीत योग्य बाजूने बसला, की त्यावर ऑक्सिजनचा अणू जोडला जातो. तेथून पुढे औषधाचा शरीरातून निचरा सुरू होतो. स्टार ३ मध्ये जनुकातील १०७५ क्रमांकाच्या जागी ए या डीएनए-अक्षराऐवजी सी येतो आणि त्यामुळे साखळीतील ३५९ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी ल्युसिन बसते. ही दोन अमिनो आम्ले एकमेकांची समघटक आहेत: दोन्हींत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू तितकेच, विद्युतभार तोच, पाण्यापासून दूर राहण्याचा स्वभावही जवळपास तोच. फरक इतकाच, की बाजूच्या साखळीवरचा एक मिथिल गट एका कार्बनावरून उचलून शेजारच्या कार्बनावर ठेवला आहे. वर्गात उत्परिवर्तन शिकवताना आपण सिकलसेलचे उदाहरण देतो, ज्यात विद्युतभार असलेल्या अमिनो आम्लाच्या जागी भाररहित आम्ल येते आणि नुकसान का झाले हे मुलांना लगेच पटते. येथे मात्र एवढ्या बारीक फरकानेही सबस्ट्रेटची, म्हणजे विकर ज्या रेणूवर काम करते त्याची, बैठक बिघडते, कारण ३५९ ही जागा विकराच्या त्या पट्ट्यात येते जो आत येणाऱ्या रेणूची ओळख पटवण्याच्या कामी असतो.

१९१३ साली लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी मांडलेल्या समीकरणात दोन राशी असतात. सबस्ट्रेट कितीही वाढवला तरी विकर जास्तीत जास्त ज्या वेगाने काम करू शकते तो वेग म्हणजे व्हीमॅक्स, आणि त्या वेगाच्या निम्मा वेग गाठायला सबस्ट्रेटची जी तीव्रता लागते ती म्हणजे केएम. ढोबळमानाने पाहता केएम जितका मोठा तितकी विकराची सबस्ट्रेटवरची पकड सैल. एस-वॉरफरिनवर, म्हणजे वॉरफरिनमधल्या दोन प्रकारच्या रेणूंपैकी अधिक प्रभावी असलेल्यावर, केलेल्या प्रयोगांत स्टार ३ विकराचा केएम वाढलेला आणि व्हीमॅक्स घटलेला, असे दोन्ही आढळते. म्हणजे पकडही सैल आणि हातही संथ. परिणामी ज्यांच्याकडे आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती स्टार ३ च्या आलेल्या असतात, त्यांच्या शरीरातून एस-वॉरफरिनचा निचरा इतरांच्या सुमारे एक दशांशच होतो.

स्टार २ ची गोष्ट वेगळी आहे. तिथे १४४ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन येते, आणि ही जागा सबस्ट्रेटच्या पोकळीपासून दूर, विकराच्या बाह्य भागावर आहे. या विकराला इलेक्ट्रॉन पुरवणारे एक भागीदार प्रथिन असते आणि त्याच्याशी होणारी जोडणी या बदलाने कमजोर होते असे मानले जाते. पकड फारशी न बिघडता प्रामुख्याने वेग कमी होतो, आणि तोही मर्यादित. अमिनो आम्लांच्या दृष्टीने पाहिले तर भार असलेले आर्जिनिन जाऊन सिस्टीन येणे हा कितीतरी मोठा बदल आहे. तरीही तो सौम्य ठरतो आणि मिथिल गटाची लहानशी हलवाहलव गंभीर ठरते. उत्परिवर्तनाची तीव्रता बदलाच्या आकारावर नव्हे, तर तो विकराच्या कोणत्या कामाच्या आड येतो यावर ठरते.

मग दोघांना एकच लेबल का मिळाले? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सीवायपी२सी९ च्या प्रत्येक प्रतीला गुण दिलेले आहेत: स्टार १ ला १, स्टार २ ला ०.५ आणि स्टार ३ ला ०. सासूबाईंची बेरीज १ आणि दिरांची १.५ झाली, आणि १ व १.५ या दोन्ही बेरजा ‘मध्यम’ याच गटात मोडतात. गुणांची पद्धत डॉक्टरांच्या सोयीसाठी आहे आणि तिचा उपयोग मी नाकारत नाही. परंतु अहवालात ही बेरीज छापलेली नाही, फक्त रंग छापलेला आहे. शिवाय स्टार ३ ला शून्य गुण असले तरी त्या विकराचे काम अगदी बंद पडत नाही, ते अतिशय मंदावते, ही गोष्टही रंगाच्या चौकटीत लपते.

ॲसिट्रॉमच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. या औषधाच्या गोळीत एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकारचे रेणू असतात, आर आणि एस. सामान्य माणसात सीवायपी२सी९ हे एस प्रकाराला इतक्या वेगाने निकालात काढते की तो रक्तात टिकतच नाही, आणि औषधाचा परिणाम जवळपास सगळा आर प्रकारामुळे दिसतो. विकर स्टार ३ असेल तर हा एस प्रकारही रक्तात रेंगाळतो आणि आरच्या परिणामात स्वतःची भर घालतो. सासूबाईंच्या हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताचा एक भाग या रेंगाळण्यात असणार, असे मला अहवाल वाचल्यावर वाटले, आणि त्यांच्या डॉक्टरांनीही ते मान्य केले. स्टार २ चा ॲसेनोकूमारोलवर होणारा परिणाम मात्र त्या मानाने किरकोळ आहे. वॉरफरिनवर जेवढा स्टार २ चा परिणाम होतो तेवढाच ॲसेनोकूमारोलवर होतो असे सुचवणारे वाक्य छापणे म्हणजे विकर आणि सबस्ट्रेट यांचे नाते लक्षात न घेणे होय. आपल्याकडे ॲसिट्रॉम घेणारे रुग्ण भरपूर आहेत आणि भारतीय लोकसंख्येत स्टार २ पेक्षा स्टार ३ अधिक आढळतो. त्यामुळे येथील रुग्णांसाठी काढलेल्या अहवालात ही चूक अधिक खटकते.

सासूबाईंच्या कमी डोसचा दुसरा भाग व्हीकेओआरसी१ या जनुकात निघाला. हे जनुक २००४ साली ओळखले गेले. ज्या विकराला रोखून ही औषधे रक्त पातळ ठेवतात, त्याचीच घडण या जनुकात लिहिलेली असते. सासूबाईंच्या एका प्रतीत जनुकाच्या आधीच्या, १६३९ क्रमांकाच्या जागी जी ऐवजी ए आहे. या बदलाने विकराची घडण बदलत नाही, त्याची पकड सैल होत नाही, वेगही तोच राहतो. केवळ ते विकर कमी प्रमाणात तयार होते, आणि म्हणून त्याला रोखायला औषधही कमी पुरते. याउलट याच विकराची घडण बदलणारी उत्परिवर्तनेही असतात आणि त्यांत औषध पुरेसे परिणाम करीत नाही. उंदीर मारण्यासाठी वॉरफरिन वापरायला सुरुवात झाल्यावर काही वर्षांतच, १९५८ साली स्कॉटलंडमध्ये, त्याला दाद न देणारे उंदीर आढळले होते. अशा अनेक उंदरांत या विकरातील १३९ व्या जागेचे टायरोसिन बदललेले असते. अहवालात या जनुकाला स्वतंत्र चौकट दिली आहे आणि तिच्यातला मजकूर नेमका व स्पष्ट आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

दिरांच्या अहवालातला गोंधळ क्लोपिडोग्रेलच्या पानावर आहे. ते औषध सीवायपी२सी१९ या भावंड विकरावर अवलंबून असते आणि तिथेही दिरांना ‘स्टार १, स्टार २’ निघाले. एकाच माणसाच्या अहवालात दोन पानांवर दोन ‘स्टार २’ आणि दोन पिवळ्या चौकटी पाहून आमच्या घरच्या डॉक्टरांनीही आधी ते एकच मानले. हे क्रमांक प्रत्येक जनुकापुरतेच असतात. सीवायपी२सी१९ च्या स्टार २ मध्ये ६८१ व्या जागी जी ऐवजी ए आल्याने संदेशाची कापणी-जोडणी चुकीच्या ठिकाणी होते, प्रथिनाची साखळी अर्ध्यातच संपते आणि त्या प्रतीपासून कामाचे विकर तयारच होत नाही. येथे केएम आणि व्हीमॅक्स मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरे असे, की क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ते निष्क्रिय असते आणि याच विकराकडून त्याला सक्रिय रूप मिळते. म्हणजे ॲसिट्रॉमच्या पानावरील पिवळ्या रंगाचा अर्थ औषधाचा परिणाम जास्त होऊन रक्तस्रावाचा धोका असा आहे, तर क्लोपिडोग्रेलच्या पानावरील त्याच रंगाचा अर्थ परिणाम कमी पडून स्टेंटमध्ये गाठ होण्याचा धोका असा आहे. दोन विरुद्ध धोक्यांना एकच रंग देणे मला गंभीर दोष वाटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली क्लोपिडोग्रेलच्या वेष्टनावर याबाबत ठळक इशारा छापायला लावला होता. दिरांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी अहवाल पाहून त्यांना टिकाग्रेलॉरवर नेले, ज्याला कामास लागण्यासाठी या विकराची गरज नसते. आमच्या दृष्टीने चाचणीचे पैसे तिथेच वसूल झाले.

अहवालात ज्या औषधाच्या पानाने मला सर्वांत निराश केले ते फेनिटॉइन, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांना दिली जाणारी एप्टॉइन. आमच्या घरात ते कोणी घेत नाही. पण सासूबाईंच्या अहवालात त्याची चौकटही पिवळीच होती आणि वाक्यही ॲसिट्रॉमच्या वाक्यासारखेच. विकर तेच, उत्परिवर्तनही तेच, तरी सबस्ट्रेट बदलला की सगळा हिशेब बदलतो. बहुतेक औषधांची रक्तातली तीव्रता केएमच्या खूप खाली असते. अशा वेळी निचऱ्याचा वेग व्हीमॅक्स भागिले केएम या गुणोत्तरावर ठरतो आणि डोस दुप्पट केला तर रक्तातले औषधही साधारण दुप्पटच होते. फेनिटॉइनचे तसे नाही. त्याचा केएम दर लिटरला ४ ते ६ मिलिग्रॅमच्या आसपास आहे आणि उपचारासाठी रक्तात हवी असलेली पातळी १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे केएमच्या वर. विकराच्या बहुतेक जागा आधीच भरलेल्या असतात. कोगनोळीच्या टोलनाक्यावर सगळ्या खिडक्यांवर गाड्या उभ्या असताना मागून आणखी गाड्या आल्या तर पलीकडे जाणाऱ्या गाड्या वाढत नाहीत, रांग तेवढी लांबते. तसे येथे डोस थोडासा वाढवला तरी रक्तातले औषध एकदम उसळी मारते. त्यातून विकर स्टार ३ असेल तर तोल जाणे, डोळे थरथरणे, गुंगी येणे हे विषारी परिणाम नेहमीच्या डोसवरही दिसू शकतात. जिथे व्हीमॅक्स स्वतंत्रपणे महत्त्वाचा ठरतो तिथेच अहवाल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आणखी दोन गोष्टी अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहेत, त्या पहिल्या पानावर असायला हव्या होत्या. पहिली अशी, की या तपासणीत जनुकाचे वाचन टोकापासून टोकापर्यंत होत नाही, ठरावीक जागाच पाहिल्या जातात, आणि त्या जागी काही सापडले नाही की ‘स्टार १’ लिहिले जाते. म्हणजे स्टार १ हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. दुसरी अशी, की जनुक चांगले असूनही दुसऱ्या औषधाने विकर अडवले जाऊ शकते. बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन आणि जुलाबासाठी सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडॅझोल ही औषधे ॲसिट्रॉम घेणाऱ्यांसाठी धोक्याची आहेत. आमच्याकडे पोट बिघडले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणण्याची पद्धत आहे, म्हणून हे मी मुद्दाम लिहीत आहे.

प्रयोगशाळेने अहवालासोबत फोनवरचे समुपदेशन दिले होते आणि या सेवेतला तो सर्वांत चांगला भाग आहे. बोलणाऱ्या बाईंना मराठी उत्तम येत होते. त्यांनी सासूबाईंशी आधी पाच-दहा मिनिटे स्वतंत्रपणे बोलून, गोळी स्वतःहून कमी-जास्त करायची नाही आणि मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त रोजच्या खाण्यात त्यांचे प्रमाण सारखे ठेवायचे, हे त्यांना पटेल अशा शब्दांत सांगितले. नंतर मी विचारले, की पुढे कधी दिरांना ॲसिट्रॉम घ्यायची वेळ आली तर या स्टार २ साठी डोस कमी करावा लागेल का. त्या म्हणाल्या, “मॅडम, वॉरफरिनचं वाक्य ॲसिट्रॉमला जसंच्या तसं लावू नका. सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच मजकूर टाकतं. तुम्ही लेखी कळवा, मी वर पाठवते.” इतके सरळ उत्तर मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

ही चाचणी कोणी करावी? क्लोपिडोग्रेल नव्याने सुरू होत असेल, किंवा फेनिटॉइनच्या साध्या डोसवर त्रास होत असेल, तर जरूर करावी. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन बरीच वर्षे घेत असलेल्या आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, स्थिर असलेल्या रुग्णाला डोस ठरवण्यासाठी तिची गरज नाही, कारण आयएनआर ही विकरांच्या सगळ्या बऱ्यावाईटाची एकत्रित बेरीजच असते. सासूबाईंसारख्या मायट्रल झडपेच्या रुग्णाला तो साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात आणि त्यांचा डोस चाचणीनंतरही आहे तोच राहिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतही एकमत झाले नाही: जनुके पाहून वॉरफरिनचा डोस ठरवल्याने युरोपातल्या रुग्णांना फायदा दिसला, अमेरिकेतल्या चाचणीत दिसला नाही, आणि ॲसेनोकूमारोल व त्याच गटातले फेनप्रोकूमॉन यांच्या चाचणीत १२ आठवड्यांच्या हिशेबात फरक पडला नाही. केंद्रातल्या भिंतीवरचे ‘प्रत्येकाने एकदा करून घ्यावी’ हे फलक म्हणूनच मला अतिशयोक्त वाटते. किंमत चार आकडी आहे, आणि आमच्या भागातल्या सामान्य कुटुंबाला ती जड जाते.

एक फायदा मात्र किमतीत मोजता येणार नाही. सासूबाईंच्या दोन प्रतींपैकी एक स्टार ३ असल्याने त्यांच्या प्रत्येक अपत्याकडे ती येण्याची शक्यता निम्मी आहे. दिरांकडे ती आलेली नाही, त्यांचा स्टार २ वडिलांकडून आला असणार; माझ्या यजमानांची आणि खानापूरला दिलेल्या नणंदेची तपासणी झालेली नाही. त्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही सासूबाईंच्या अहवालाची प्रत देऊन ठेवली आहे.

मी लेखी कळवल्यानंतर प्रयोगशाळेने दिरांच्या अहवालाची सुधारित प्रत पाठवली. तिच्यात वॉरफरिन आणि ॲसेनोकूमारोल यांचे सल्ले आता वेगवेगळे आहेत, क्लोपिडोग्रेलच्या चौकटीत ‘परिणाम कमी होण्याचा धोका’ असे शब्द आले आहेत आणि गुणांची बेरीजही छापली आहे. फेनिटॉइनचे पान अजून जुनेच आहे. ते बदलण्याबद्दल मी पुन्हा लिहिले आहे.